मी कोण माफ करणारी

घाटकोपरला डोंगरउतारावर आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं चर्च होतं. चर्च कसलं, पत्र्याखालचा एक हॉल. ऐंशीच्या दशकात तिथे सगळ्यात नम्र बाई कोण, असं कुणालाही विचारलं असतं तरी माझंच नाव आलं असतं. शनिवारी झाडलोट मी करायची, संडास मी धुवायची आणि रविवारी कुणी पुढे बोलावलं तरी मागे चपलांजवळच्या सतरंजीवर बसायची. शिकावं तर हिच्याकडून, असं बायका म्हणायच्या. ते ऐकू येईल इतक्याच अंतरावर मी बरोबर उभी असायची.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचं ताट हातोहात फिरायचं. आमच्यात रीत अशी, की कुणाशी तेढ असेल तर आदल्या दिवशी जाऊन मिटवायची; मिटली नाही तर भाकरीला हात लावायचा नाही. बहुतेक जण झालं गेलं विसरा म्हणून चहा पिऊन यायचे.

एका शनिवारी मावशी आल्या. नात्यातल्या नव्हेत, मंडळीतल्याच, विक्रोळीला चाळीत राहणाऱ्या. माझ्या धाकट्या बहिणीला फिट येते हे त्यांनी मुलाकडच्यांना सांगितलं आणि ठरलेलं लग्न मोडलं, त्याला चार वर्षं झाली होती. खोटं त्या बोलल्या नव्हत्या. त्याचाच मला जास्त राग होता.

मी हॉल झाडत होते. चढण चढून त्यांना दम लागला होता.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "माफ कर मला."

मी केरसुणी थांबवली नाही. "अहो मावशी, मी कोण माफ करणारी? मी पडले पायपुसणं. देवाकडे माफी मागा."

"देवाकडे मागितली. आता तुझ्याकडे आलेय."

माझ्या मनात तसं काहीच नाही, असं मी हसून सांगितलं आणि त्यांच्या पायाजवळचा केर ओढला. तेव्हा मला फार बरं वाटलं. वाक्य असं, की कुणी नावं ठेवू शकणार नाही, आणि आपल्याला द्यावं मात्र काहीच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम मागे येऊन माझ्या उजव्या हाताला बसल्या. त्या वर्षी रविवारी सकाळी सगळी वस्ती टीव्हीवरच्या मालिकेसमोर असायची, बाहेर चिटपाखरू नसायचं. मी भाकर घेतली, ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबल्या आणि तुकडा न घेताच ताट पुढे दिलं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. 'केलं माफ' एवढं पुटपुटले असते तरी पुरलं असतं. पण ताट देऊन झालं की मी डोळे मिटून प्रार्थनेत असल्यासारखी बसायची. भाकर मात्र मी दर वेळी घेतली. आजही ताट हातात आलं की उजवीकडे बघायची मला भीती वाटते.

चौथ्या महिन्यात त्या आल्या नाहीत. छातीत पाणी झालं होतं. माझी बहीण रोज जाऊन त्यांच्या उशाशी बसायची. तिने त्यांना केव्हाच माफ केलं होतं. चर्चचे पाळकसाहेब भाकर घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा मावशींनी मान फिरवली, हेही तिनेच सांगितलं. मी उद्या जाते, परवा जाते म्हणत राहिले. घाटकोपर ते विक्रोळी, असं कितीसं अंतर.

त्या गेल्या तेव्हा, माझ्याबद्दल काही बोलल्या का, असं मी बहिणीला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू माफ केलं असतंस तर तुझ्याकडे काय उरलं असतं, ताई?" एवढंच ती म्हणाली.

कबरस्तानात पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना मला करायला सांगितली. एवढी नम्र बाई आपल्या मंडळीत दुसरी नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी ठरवूनच पुढे झाले. मोठ्याने सांगायचं होतं, की मावशी माझ्याकडे आल्या होत्या आणि मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. पेटी खाली उतरवली होती. बहीण समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि सवयीने निघालं, "प्रभू, मी तर धुळीचा कण, माझी काय योग्यता." पुढे बरंच बोलले, चांगलं बोलले. बायका रडल्या. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बहिणीने म्हटलं नाही.