बारा दिवसांची काच

सर गेले. मला बरं वाटलं.

सकाळपासून सगळ्यांच्या वॉलवर त्यांचे फोटो. 'निदानातला देवमाणूस.' कुणाला माझं हे लिहिणं खटकलं तर खुशाल अनफ्रेंड करा. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला काय फरक पडतो?

साठच्या दशकातली गोष्ट. मी मुळशी तालुक्यातल्या माले गावची, पुण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असिस्टंट. सर आमचे प्रमुख. तिशीतले, हुशार, आणि हुशारीचा भारी माज.

माझी धाकटी बहीण सुमन तेव्हा सतरा वर्षांची. ताप उतरेना, हिरड्या सुजल्या, अंगावर जांभळे डाग.

पौडच्या दवाखान्यानं तिच्या रक्ताच्या दोन काचा, म्हणजे स्लाइड, आमच्याच लॅबला पाठवल्या.

त्या सरांच्या ड्रॉवरमध्ये बारा दिवस पडून राहिल्या. सर मेहुण्याच्या लग्नाला गेले होते, किल्ली खिशात घालून.

तोवर आबांनी, आमच्या वडिलांनी, सुमनला पुण्याला आणून आमच्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात ठेवलं होतं.

सर आले आणि एका काचेवर पेरॉक्सिडेजचा रंग केला. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, दोन जाती, मायलॉइड आणि लिम्फॅटिक; दोन्हींतल्या कच्च्या पांढऱ्या पेशी साध्या रंगात सारख्याच दिसतात. पेरॉक्सिडेजनं मायलॉइड पेशींत दाणे उठतात, लिम्फॅटिक कोऱ्या राहतात.

काच कोरी निघाली. सरांनी लिहिलं, लिम्फॅटिक.

पण हा रंग ताज्या काचेचा. शिळ्या काचेत दाणे असले तरी उठत नाहीत. हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नसेल?

फरक मोठा होता हो. लिम्फॅटिकला तेव्हा गोळ्यांनी काही बरे महिने मिळायचे. मायलॉइडला आमच्याकडे काहीच नव्हतं. अशा वेळी डॉक्टरच सांगायचे, पेशंटला घरी न्या.

मी दुसऱ्या काचेवर सुदान ब्लॅक केलं. तो रंग जुन्या काचेवरही बसतो.

पेशीपेशीत काळे दाणे.

"सर, मायलॉइड आहे."

"रिपोर्ट गेलाय."

"ताजं रक्त घेऊन बघा ना, सर. माझी बहीण आहे."

"बाई, तुम्ही काचा धुवा."

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळासुद्धा लावला नाही.

आबांना सांगितलं, सुमनला घरी नेऊ. आबा म्हणाले, "तू बाटल्या धुतीस, पोरी. त्यो साहेब हाय. त्यो म्हनतोय गुण येईल, मग कशाला न्यायची?"

सुमन रोज विचारायची, "ताई, मला घरी कवा नेनार? हितं न्हाई करमत. आईजवळ निजायचंय मला."

मी म्हणायची, "नेऊ गं." खोटारडी मी.

पाच आठवडे गोळ्या गिळून ती वॉर्डातच गेली. निरोप पोचून आई एसटीनं येईपर्यंत खाटेवर दुसरा पेशंट होता.

त्यानंतर मी सूड घेतला. हो, सूडच.

प्रत्येक काचेवर तारीख घालायला लागले. प्रत्येक रिपोर्टवर लाल शाईनं लिहायची, काच इतक्या दिवसांची. खाली सही सरांची. त्यांच्या प्रत्येक केसची दुसरी काच मी करायची, आणि चूक सापडली की सगळ्या स्टाफसमोर मोठ्यानं सांगायची. दोन वर्षांत सर नोकरी सोडून गेले. त्या दिवशी मी लॅबमध्ये पेढे वाटले.

खूप वर्षांनी सर एका समारंभात भेटले. म्हणाले, "बाई, झालं गेलं विसरा. तुमची बहीण तशीही वाचली नसती."

"नसती वाचली. पण पाच आठवडे आईची वाट बघत मेली नसती."

सर घड्याळ बघत निघून गेले.

आज त्यांच्या मुलानं मेसेज टाकलाय. 'बाबांना शेवटी हॉस्पिटल नको होतं. आम्ही त्यांना घरी आणलं. त्र्याण्णवाव्या वर्षी स्वतःच्या खोलीत, सगळे उशाशी असताना, शांतपणे गेले.'

चार वेळा वाचला.

सुमे, आजची श्रद्धांजली तुलाच गं. सरांसाठी माझ्याकडे काहीही नाही.