धोट्याचा आवाज

माझा धाकटा भाऊ अंबादास गेला, त्याला आता सहा आठवडे होतील. त्याच्या घराखाली गफूरभाईंचं शिलाईचं दुकान आहे. सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला, "अक्का, लवकर या. अंबादासभाई उठेनात." मी रिक्षा करून गेले. तो खुर्चीतच बसलेला होता, मान एका बाजूला कललेली. मला रडू आलं नाही. त्याच्याशी चार वर्षं मी बोलत नव्हते, आणि त्या खोलीच्या दारात उभी असताना एकच गोष्ट मनात आली... याच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहूनच गेलं की.

या सहा आठवड्यांत त्याच्यावर पुष्कळ लिहून आलं. 'बालमनाचा जाणकार' असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, 'त्यांना अपत्य नव्हतं, धोट्या हेच त्यांचं मूल.' ते वाचलं आणि मी कागद पुढे ओढला. सख्ख्या बहिणीनं मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, असं कुणाला वाटेल. वाटू दे.

आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील चादरीच्या कारखान्यात होते आणि अंबादास सोळाव्या वर्षापासून चादरीची डिझाइनं काढायचा. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत त्याचा मोर तयार व्हायचा. "चूडु अक्का, चूडु," म्हणत तो कागद माझ्या डोळ्यांसमोर नाचवायचा. बघ अक्का, बघ. त्याचा हात देवानं दिलेला होता, हे मी आजही नाकारत नाही. पुढे तो संगणक शिकला, आणि त्याच चिकाटीनं, नऊ वर्षं खपून, एकट्यानं एक ॲनिमेशनचा चित्रपट काढला. बंद पडलेल्या कारखान्यात एक म्हातारा मिस्त्री मागावरचा जुना धोटा, स्प्रिंगा आणि चाकं जोडून एक यंत्राचं पोर बनवतो, त्याचं नाव धोट्या. मिस्त्री मरतो, आणि धोट्या दारोदार फिरतो, "मला घरात घेता का?" म्हणत. कुणी त्याच्याकडून पाणी भरून घेतं आणि अंगणातच ठेवतं, कुणी पोरांना खेळायला देतं आणि मोडल्यावर उकिरड्यावर टाकतं. शेवटी एक आंधळी म्हातारी त्याच्या डोक्यावर हात ठेवते, "गार पडलायस रे, आत ये." तिथं सगळं थिएटर रडतं. मीही रडले होते, पण माझं कारण वेगळं होतं.

अंबादासला मुलगी आहे. तिचं नाव रत्ना. ती दोन वर्षांची असताना कळलं की तिला ऐकू येत नाही. कानाला मशीन लावलं, मग थोडं थोडं येऊ लागलं, पण बोलणं बोबडंच राहिलं. गल्लीतली पोरं तिला 'ए रोबोट' म्हणून हाका मारायची. ती चार वर्षांची असताना तिची आई सुशीला काविळीनं गेली, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अंबादास तिला आणि कपड्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. "थोडे दिवस ठेव, अक्का. मला काम होत नाही. आणि लोक येतात जातात, तिच्या कानाकडे बघत बसतात." मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, एकटी होते, पोरीला जवळ घ्यायला मला आनंदच झाला. ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. त्याच्याकडे कुणी पाहुणे आलेले असताना आम्ही गेलो, तर तो सांगायचा, "ही आमच्या अक्कानं सांभाळलेली मुलगी." खोटं काहीच नव्हतं त्यात!

ती सात वर्षांची झाली आणि अंबादास दर रविवारी यायला लागला. रत्ना सकाळपासून नवा फ्रॉक घालून दारात उभी राहायची. तो आला की वही काढून तिच्यासमोर बसायचा आणि तिला काढत राहायचा. ती ऐकताना मान कशी तिरकी करते, पाय कसा टाकते, हाक ऐकू आली नाही की चेहरा कसा होतो... मला वाटलं, बापाचं मन वळलं. एका रविवारी मी आत कणीक मळत होते. बाहेरून रत्नाचा आवाज येत होता, "मया घयात घेता का?" आणि त्याचा, "परत म्हण. अजून हळू." परत तेच. परत तेच. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. त्यानं तिच्या तोंडासमोर रेकॉर्डर धरला होता, आणि ती हसत हसत, खेळ समजून, आपल्या सख्ख्या बापाला विचारत होती, मला घरात घेता का?

"अंबादास, हे काय म्हणायला लावतोस तिला?"

"चित्रपटासाठी, अक्का. असा आवाज विकत मिळत नाही."

तेव्हाच मी ते यंत्र हिसकावून घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. तो यायचा थांबेल आणि पोरगी दारात उभी राहील, याची भीती वाटली. चित्रं पुरी झाल्यावर तो थांबलाच.

रत्ना अकरा वर्षांची असताना सोलापुरात 'धोट्या'चा खेळ झाला. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. धोट्या पहिल्यांदा बोलला तेव्हा पोरं हसली. रत्नानं माझा हात घट्ट धरला, कारण मशीनमधून का होईना, तिला स्वतःचा आवाज ओळखू आला होता. चित्रपट संपल्यावर एका बाईंनी उठून विचारलं, "सर, धोट्याचा आवाज कुणी दिला?" अंबादासनं माइक थोडा खाली धरला आणि म्हणाला, "आवाज होय? तो मशीनवर तयार केला." टाळ्या पडल्या. रत्नानं माझी बाही ओढली, "नाना काय म्हणाये?" बापाला ती नाना म्हणायची.

मी म्हणाले, "तुझं नाव घेतलं."

ती हसली. मला वाटलं, निभावलं.

'धोट्या हेच माझं मूल' हे वाक्य त्या लेख लिहिणाऱ्यानं बनवलेलं नाही. चार वर्षांपूर्वी अंबादासनंच एका मुलाखतीत ते म्हटलं होतं. छापून आलं त्याच दिवशी मी त्याच्याकडे गेले आणि पेपर त्याच्या अंगावर टाकला. तो शांतपणे म्हणाला, "आता कसं सांगू, अक्का? लोक म्हणतील, याची स्वतःचीच पोरगी दुसरीकडे वाढली. चित्रपटाचं काय राहील मग?" चित्रपटाचं! मी जिना उतरले ती परत चढले नाही, गफूरभाईंचा फोन येईपर्यंत.

मग शोकसभा झाली. आयोजकांनी आधी 'धोट्या'तले काही प्रसंग दाखवले, नंतर भाषणं. मी रत्नाला म्हणत होते, चल, घरी जाऊ. ती आता तेवीस वर्षांची आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. मागांचा खडखडाट असह्य झाला की कानाचं मशीन काढून खिशात टाकते आणि म्हणते, बायांनो, या आवाजात तुमचं कसं होतंय? तीच रत्ना उठली आणि सरळ माइककडे गेली.

"मी यत्ना. यांची मुयगी."

पुढे काही सांगायची गरजच पडली नाही. अर्ध्या तासापूर्वी तो आवाज सगळ्यांनी ऐकला होता. मग तिनं पुढचं वाक्य म्हटलं, आणि त्यातलं एकही अक्षर बोबडं आलं नाही. "आवाज माझा होता." खाली येऊन ती माझ्याशेजारी बसली. मंचावरच्या 'बालमनाचा जाणकार' लिहिणाऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिले.

रिक्षात मी तिला सांगून टाकलं, "त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले, रत्ना."

"माहीत आहे. मया ओठ दिसत होते की नानांचे."

"मग विचारलंस कशाला?"

"तू काय सांगतेस, बघायचं होतं." आणि जरा वेळानं, "कुणीतयी घेतयं की माझं नाव, आत्या."

त्याची खोली आम्ही गेल्या आठवड्यात रिकामी केली. वह्या प्रदर्शनासाठी हव्यात असं आयोजक म्हणाले, रत्नानं देऊन टाकल्या. उघडूनही पाहिल्या नाहीत. काम करायच्या जागेसमोर त्यानं एक आरसा लावला होता, स्वतःच तोंड वेडंवाकडं करून त्यात बघायचा आणि धोट्याचे भाव काढायचा. तो रत्नानं मागून घेतला. "काच चांगयी आहे," म्हणाली. मला तो घरात नको होता. पण तिनं खिळा ठोकला, आणि आता रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती त्यात बघून केस विंचरते. मी चहा घेऊन मागून जाते, आणि अंबादासचं कपाळ माझ्याकडे बघत असतं. तसंच रुंद, मधोमध तीच आठी. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ते कपाळ आता तिचं आहे... त्यावर राग कसा धरायचा, ते मला अजून जमलेलं नाही.