अर्धं पोतं भात

पौडच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात मी आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पचनाची पावडर घ्यायला गेलो होतो. माझ्या पुढे एक आजी तीच मागत होत्या. दुकानदाराने त्यांच्या कुत्र्याचं वजन विचारलं. आजींनी दोन्ही हातांनी हवेतच कुत्रा उचलला, जरा तोलला आणि म्हणाल्या, “अर्धं पोतं भात.”

“मग रोज एक चमचा,” दुकानदार म्हणाला.

“दोन लागत्यात. मी आधी खाल्ल्याबिगर त्यो तोंड लावत न्हाई.”

“अहो आजी, कुत्र्याची पावडर हाय ती!”

“व्हय की. पण गुण दोघांनाबी आलाय. सून म्हणती, भाकरी पुरंना.”

हसतच घरी आलो. वाटीतली पावडर हुंगून आमच्या कुत्र्याने तोंड फिरवलं. बायको आत आहे हे बघून मी हळूच चमचा उचलला.