पैलवानाच्या गोळ्या

बेकरीत त्याला सगळे पैलवान म्हणत. मैद्याचं पोतं खांद्यावर टाकून सहज जिना चढणारा गडी. त्यामुळे लग्नाला वर्षं उलटली तरी पाळणा हलेना, तेव्हा दोष त्याच्यात असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याच्या तर मुळीच नाही. तपासण्या बायकोच्या झाल्या आणि सासूबाईंची बोलणीही तिनेच खाल्ली.

शेवटी ती म्हणाली, "माझं सगळं नीट आहे. आता तुम्ही तपासून घ्या."

"मी? मला साधी सर्दी होत नाही!"

"सर्दीची नाही हो तपासणी."

रिपोर्ट आला. शुक्राणू कमी, आणि होते तेही आळशी. पैलवान पार खचला. डॉक्टरांकडे जायची लाज, म्हणून मेडिकलमधून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची डबी आणली. दिवसाला एक घ्यायची, तर हा तीन घेऊ लागला. एवढ्या देहाला एक कशी पुरेल? आईने विचारलं, तर म्हणाला, "डोळ्यांसाठी आहेत."

झालं! डोळे तर आईचेही अधू. तिनेही गुपचूप गोळ्या सुरू केल्या. वर शेजारणीला सांगून आली, "लेकाच्या गोळ्या घेतेय, अगदी लख्ख दिसतं बघा."

बायको हसता हसता खाली बसली. पैलवानाला मात्र घाम फुटला. तो धावत बायकोच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"आईला काही होणार नाही, पण बंद करायला सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही या गोळ्या लागू पडतील याची खात्री नाही. तिप्पट घेऊन तर नाहीच. आधी सिगारेट सोडा, भट्टीच्या उष्णतेपासून लांब राहा आणि मला नीट तपासू द्या."

तपासणीत अंडकोशातली फुगलेली नस सापडली. छोटं ऑपरेशन करायचं ठरलं. आता आईला सांगणं भाग होतं. जेवताना, ताटावरची नजर न हटवता त्याने सांगून टाकलं.

आईने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस काय खात होते?"

सून पदरात तोंड लपवून हसत होती. आईने पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मात्र ती रडली.

पुढे मुलगी झाली. गोळ्यांनी, ऑपरेशनने की सिगारेट सोडल्याने, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आजी ठणकावून सांगायची, "सुनेत काही खोट नव्हती हो, माझ्याच लेकात होती!"

"आई, हळू बोल ना!"

"का रे? हिला मी बोलायचे तेव्हा हळू बोलत होते का?"