सव्वा महिन्याच्या आत

"रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या ओंजळभर लेकीला एवढं लांबलचक नाव! मग त्यांनी सोपं करून सांगितलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा ओढला जातो आणि नजर जाऊ शकते. "वेळेत आणलंत, उपचार आहे," असंही त्या म्हणाल्या. पण मला 'नजर जाऊ शकते' एवढंच ऐकू आलं.

आम्ही टोकावड्याचे. ओवी सातव्या महिन्यातच जन्मली आणि कल्याणच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. मी पेटीशेजारी उभी राहून तिने डोळे उघडायची वाट पाहायची. ती उघडायचीही, पण नजर कुठे टेकायची नाही. नर्स म्हणायची, "एवढ्याशा जिवाला कुठे दिसतंय?" मला पटायचं, तरी हाव सुटत नव्हती. लेकीने एकदा माझ्याकडे बघावं, बस.

पेटीत असताना तिचं रक्त तपासलं. बाळांच्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. रक्तातल्या 'मार्कर'वरून, म्हणजे काही खुणांवरून, कोणत्या बाळाच्या डोळ्यांना जास्त धोका आहे याचा अंदाज बांधता येतो का, हे ते पाहत होते. 'आयजीएफ-वन' हा वाढीला लागणारा घटक आणि 'प्लेटलेट' म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. ओवीचं दोन्ही कमी निघालं.

"हा अंदाजच आहे," ते म्हणाले. "रिपोर्ट चांगला आला असता, तरी डोळे तपासावेच लागले असते. पण हिची तारीख अजिबात चुकवू नका."

वजन धरल्यावर आम्हाला घरी सोडलं. डोळे तपासायची तारीख नेमकी सव्वा महिन्याच्या आतली. सासूबाई अडूनच बसल्या.

"दवाखान्यात व्हतीस त्ये निराळं. आता घरात आलीस, तर सव्वा महिना बाळंतीन उंबरा वलांडत नाय. आनि डोळं तं कसं टपोरं हायेत पोरीचं!"

माझा नवरा माझ्याच बाजूचा, पण आईसमोर त्याचा आवाज बसतो. शेवटी मीच म्हटलं, "आई, बिघाड आत असतो, तो तुमाला-मला दिसायचा नाय. धोका रक्तात दिसलाय."

"रक्तात?" त्यांनी ओवीला उचलून छातीशी धरलं. मग म्हणाल्या, "मंग मी पन येते."

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, ठरवलेल्या जीपच्या खिडक्यांना लुगडी बांधलेली. आत धुरी दिलेली. बाधा होऊ नये म्हणून बाळाच्या उशाशी असतो तो विळा सासूबाईंच्या मांडीवर. "उंबरा सोडलास तरी खोली सोडायची नाय," त्या म्हणाल्या. खोकत खोकत ड्रायव्हरने आमची खोली कल्याणला नेली.

दवाखान्याच्या दारात वॉचमनने हात आडवा केला. "मावशी, विळा आत नाय नेता येनार."

"मंग मी हितंच," म्हणत सासूबाई पायरीवर विळा घेऊन बसल्या. लोक लांबून वळसा घालून जात होते.

आत ओवीच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. पापण्या उघड्या ठेवायला बारीक चिमटा लावला. ती किंचाळत होती आणि तिचे हात मी धरून ठेवले होते. तेव्हाच ते लांबलचक नाव ऐकलं. मग लेझर झालं, म्हणजे प्रकाशाच्या बारीक ठिपक्यांनी पडद्याचा रक्तवाहिन्या न पोचलेला भाग शेकला. पुढे तपासण्याच तपासण्या. घरी मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन बसायची आणि ती माझ्या पलीकडे बघायची.

तुमचं बाळ लवकर आलं असेल, तर रक्ताच्या चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका, टपोऱ्या डोळ्यांवर तर मुळीच नको. दिलेल्या तारखेला बाळाला न्याच. घरची माणसं अडली, तर त्यांनाही सोबत घ्या.

शेवटी एका तपासणीत, डोळ्यातला पडदा आता शांत झाला, चष्मा मात्र लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यानंतर एका दुपारी सासूबाई ओवीला तेल लावत होत्या आणि ती टक लावून त्यांच्या कुंकवाकडे बघत होती. मला आनंदाने रडू आलं आणि सासूबाईंचा रागही आला. एवढी वाट मी पाहिली, आणि पहिला मान यांना!

"ये गो, बस हितं," त्या सरकल्या. "तुज्याकडं पन बघंल."

मी बसले. ओवीची नजर हळूहळू फिरली, माझ्या तोंडावर आली आणि तिथेच थांबली. मी घाईघाईने केस सारखे केले.