छातीचा दाखला

केनेउवे पहिल्या वर्षी गणितात नापास झाली आणि सरकारी विद्यावेतनाच्या यादीतून तिचं नाव गेलं. राजधानी मासेरूच्या अध्यापक महाविद्यालयात तिच्यासारख्या आणखी दोघी होत्या. त्या निमूटपणे दुकानांत कामाला लागल्या. केनेउवे मात्र सुट्टीभर हातपाय मारत राहिली. चर्चच्या फादरांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि चहा पाजला. जिल्ह्याच्या कचेरीतल्या साहेबांनी निवडणुकीनंतर यायला सांगितलं. शेवटी वसतिगृहातली एक मैत्रीण म्हणाली, "तुझे वडील सोन्याच्या खाणीत होते ना? अगं, खाणकामगारांच्या मुलांसाठी एक निधी आहे. शिक्षक होणाऱ्यांचा विचार आधी करतात म्हणे."

निधीची कचेरी बसस्टँडमागे, चपलांच्या दुकानावरच्या माडीवर होती. टेबलामागे एक जाडजूड बाई स्वेटर विणत बसली होती.

"वडील वारले का, आउसी?" तिने सुया न थांबवता विचारलं.

"नाही, म्मे. घरी आहेत."

"मग अवघड आहे. आजारी आहेत का? छातीने?"

"खोकतात."

"खोकते मीही. डॉक्टरचा दाखला लागतो. खाणीच्या धुळीने छाती दुसऱ्या दर्जाची बिघडलेली असेल, तर मुलांना पैसे. पहिल्या दर्जाला काही नाही. तो माणूस काम करू शकतो, असं धरतात."

केनेउवेने मान डोलावली. जिना उतरताना ती वडिलांचा खोकला आठवू लागली. तो कोरडा आहे की खोल, रात्री किती वेळ चालतो. खालच्या पायरीवर आल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं.

तिचे वडील मोएकेत्सी ऐन उमेदीत सीमेपलीकडे वेल्कमच्या खाणीत गेले आणि केस पिकायला लागल्यावर कपातीत परत आले. गावच्या पुरुषांच्या नाचात आवाज द्यायला अजून त्यांनाच पुढे करत. खाणीतले बूट ते दर रविवारी चरबी लावून पुसत. कधी ना कधी बोलावणं येईल, अशी त्यांना आशा होती.

केनेउवेने जेवताना विषय काढला. मोएकेत्सींनी हातातला मक्याच्या उकडीचा घास पुन्हा ताटात ठेवला.

"म्हणजे मी तिकडेच दरडीखाली गेलो असतो, तर तुझं काम झालं असतं."

"न्ताते, तसं नाही हो."

"तसंच आहे की. आणि एकदा का कागदावर आजारी लिहिलं, की खाण मला दारात तरी उभं करील का?"

आईने पातेलं आपटलं. "इतकी वर्षं कुठे उभं करतेय? लेक मास्तरीण व्हायची म्हणतेय आणि तुम्ही बूट पुसत बसा. मरायला कुणी सांगत नाही तुम्हाला. नळीत फुंकायचंय फक्त."

दोन दिवसांनी सकाळी मोएकेत्सींनी दाढी केली, चांगलं ब्लँकेट खांद्यावर घेतलं आणि लेकीला म्हणाले, "चल."

जिल्ह्याच्या इस्पितळात आधी छातीचा फोटो काढला. मग नर्सने त्यांच्या तोंडाला नळी लावली. "जमेल तेवढं फुंका, न्ताते." मोएकेत्सी ताठ झाले. नाचाच्या रिंगणात पहिला सूर लावताना उभे राहत तसे पाय रोवून उभे राहिले, आणि छाती भरून त्यांनी असं फुंकलं की यंत्राचा काटा थरथरला.

"वा! तरणे आहात की अजून!" नर्स म्हणाली.

त्यांनी हसून लेकीकडे पाहिलं. पाहता पाहता ते हसू मावळलं. बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "मी दमानं फुंकायला हवं होतं का गं?"

"नाही, न्ताते."

"विसरलो बघ. नळी तोंडाला लागली आणि विसरलोच."

महिन्याभराने निकाल आला. पहिला दर्जा. शेजारचे दोघे-तिघे ज्वारीची दारू प्यायला अंगणात जमले होते. त्यांनी मोएकेत्सींच्या पाठीवर थाप मारली. केनेउवेही हसली, पण तिला हसायला अंमळ उशीर झाला. मोएकेत्सींचं लक्ष तिच्याकडेच होतं. सगळे गेल्यावर ते म्हणाले, "बाप धड आहे म्हणून वाईट वाटलं ना तुला? वाटू दे, पोरी. मलाही वाटलं."

पुढच्याच आठवड्यात ते धरणाच्या नव्या रस्त्यावर, खडी क्रशरवर कामाला लागले. पहिल्या सत्राची फी त्यांनीच भरली. केनेउवे कॉलेजात परत गेली, गणितात पास झाली. दर शुक्रवारी ती घरी फोन करायची. मोएकेत्सी मेंढ्यांबद्दल बोलत, हवेबद्दल बोलत. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांचा श्वास लागलेला तिला ऐकू यायचा.

एकदा गावचा एक माणूस तिला मासेरूच्या बाजारात भेटला. "तुझ्या बापाला जरा सांग," तो म्हणाला. "क्रशरवर सगळे तोंडाला फडकं बांधतात. हा गडी बांधत नाही. गुदमरतं म्हणतो."

त्या शुक्रवारी केनेउवेने फोन लावला. परीक्षेचं सांगितलं. वसतिगृहात भाजीत मीठ नसतं, ते सांगितलं. मेंढ्या किती व्याल्या, ते विचारलं. मग, "ठेवते हं, न्ताते," म्हणाली आणि फोन ठेवला. फडक्याचं काही बोलली नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही.

हिवाळ्यात मोएकेत्सींची तपासणी पुन्हा झाली. केनेउवे सोबत गेली होती. या वेळी त्यांना दोनदा मध्येच थांबावं लागलं आणि काटा जेमतेम हलला. नर्सने आकडा लिहून घेतला. दुसऱ्या दर्जाचा दाखला घेऊन केनेउवे माडी चढली, तेव्हा त्या बाईने सुया बाजूला ठेवल्या, शिक्का मारला आणि मनापासून म्हणाली, "अभिनंदन, आउसी. तुझं नशीब चांगलं."

त्यानंतर पैशांत कधी खंड पडला नाही. फी, मेस, पुस्तकं, सगळं भागलं. मोएकेत्सी घरामागे उन्हात भिंतीला टेकून बसू लागले. बूट त्यांनी पुतण्याला देऊन टाकले होते. कुणी तब्येत विचारली, तर म्हणायचे, "लेकीला शिकवतोय."

शेवटच्या वर्षी केनेउवे एका शाळेत सरावपाठ घेत असताना त्यांनी डोळे मिटले. दफन झालं, बैल कापला, लोक जेवून गेले. दुसऱ्या दिवशी मायलेकी ओढ्यावर त्यांचं ब्लँकेट धूत होत्या.

"त्यांनी फडकं का बांधलं नाही, तुला काही ठाऊक आहे?" आईने विचारलं.

"नाही, आई."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग ब्लँकेटचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी मिळून ते पिळलं, खडकावर पसरलं आणि त्या घरी आल्या.

केनेउवेची पहिली नेमणूक डोंगरातल्या एका शाळेत झाली. जिथे बस थांबते तिथून पुढे चढ चढून जावं लागायचं. वर्गात एकच खिडकी होती आणि तिला काच नव्हती. वडिलांचं वर्षभराचं सुतक अजून फिटलं नव्हतं, म्हणून तिच्या खांद्यावर काळ्या कापडाचा तुकडा टाचलेला असायचा. पहिलीतली एक मुलगी त्याच्याकडे बराच वेळ बघत होती.

"बाई, शिकवणाऱ्या सगळ्यांना ते लावावं लागतं?"

"नाही."

"मग तुम्हालाच का?"

केनेउवेने खडू उचलला. "माझे वडील वारले," ती म्हणाली. मुलगी आणखी काही विचारील, म्हणून ती थोडा वेळ थांबली. पण मुलीने नुसती मान डोलावली आणि वही उघडली. मग केनेउवे फळ्याकडे वळली आणि तिने तारीख लिहिली.