मोसंबीला भोकं पाडणारा पतंग

वडवणीजवळच्या आमच्या मोसंबीच्या बागेला त्या दुष्काळी साली टँकरचं पाणी होतं. आमच्या सालगड्याची बायको दोन घागरी मागायला आली, तेव्हा वडलांनी तिला रिकाम्या घागरी घेऊन परत पाठवलं. मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. ओट्यावर बसून सगळं ऐकलं, बोलले काही नाही.

भादव्यात फळांवर टाचणीएवढी भोकं दिसू लागली. दोन दिवसांत भोकाभोवतीची जागा मऊ पडायची आणि फळ गळायचं. बागेत आंबूस वास सुटला. वडलांनी ठरवूनच टाकलं की गडी पाण्याचा राग काढतोय, बाभळीचा काटा टोचतोय.

"कामून केलंस रे?" त्यांनी चार लोकांसमोर विचारलं.

"मालक, लेकराची आण. मी न्हाई केलं."

वडलांनी त्याचं बिऱ्हाड स्वतःच्या हातानं बांधाबाहेर फेकलं. बारा वर्षं त्या माणसानं ती बाग वाढवली होती.

तो गेला तरी भोकं पडतच राहिली. आठवड्यानं फळबागायतदारांच्या सहकारी संस्थेनं कीटकांचा एक जाणकार पाठवला. दिवस मावळल्यावर बॅटरी घेऊन तो बागेत गेला आणि फळावरचा पतंग बाटलीत घालून आला. चांगला तळहाताएवढा. पंख मिटले की वाळकं पान, उघडले की आतून नारिंगी, त्यावर काळा बाकदार पट्टा.

"सोंड बघा, सुईसारखी टणक. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण मुलखात हा असतो. अळ्या मात्र मोसंबीवर नसतात, गुळवेल नाहीतर वासनवेल खातात. तुमच्या बांधावर गुळवेल आहे?"

होती. कडुलिंबावर चढलेली. वडील रोज तिचाच काढा घेत.

मी वडलांना म्हणाले, "गड्याला बोलवा."

"मालकानं गड्याची माफी मागायची?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल तोडली आणि विषय मिटवला.

दसऱ्यानंतर तो कडा गावाकडं ऊसतोडीला गेल्याचं कळलं, तेव्हा मीच एस.टी.नं तिकडं गेले. फडात दोघं नवराबायको उसाच्या मोळ्या बांधत होते. मी पतंगाचं सगळं सांगितलं. त्यानं कोयता खाली ठेवून ऐकून घेतलं.

"मालकानं पाठवलं तुमाला?"

"नाही. मीच आले."

"मग ताई, गावात बाग नासवणारा मीच हाय की अजून."

त्याची बायको मान वर न करता म्हणाली, "तवा तुमी बी व्हतात ओट्यावर."

पुढच्या उन्हाळ्यात टँकरही मिळेना, बाग वाळली. वडील शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिले, गड्यानं बाग बुडवली. मी दोनदा त्यांना अडवलं. मग तेही सोडून दिलं.